रुमालाखाली मोडलेलं बोट

माझ्या सख्ख्या मामाने मला फसवलं. आखाडा बाळापूरच्या बैलबाजारात, भर दुपारी, सगळ्या बाजाराच्या देखत फसवलं, आणि ते एकालाही दिसलं नाही. दिसणारच नव्हतं. माझा हात आणि मामाचा हात तेव्हा मामाच्या रुमालाखाली होते.

ज्यांनी कधी बैल घेतला नाही त्यांना हे समजणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या भागात बैलाचा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसायचे, एकमेकांचा हात धरायचे आणि वरून खांद्यावरचा रुमाल टाकायचे. रुमालाखाली बोटं बोलायची. कोणतं बोट धरलं, पेर दाबलं की सगळी मूठ आवळली, यावरून भाव वर-खाली व्हायचा. वर तोंडाने मात्र पाऊसपाणी, लेकरंबाळं, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, असल्या गप्पा चालायच्या. चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. जो आधी हात काढील त्याने सौदा मोडला असं धरायचे, आणि मग कितीतरी बाजार लोक त्याला बघून हसायचे. शेवटचा नियम सगळ्यात मोठा होता: खाली काय झालं ते रुमाल उचलल्यावर कोणी बोलायचं नाही. या नियमावर माझा फार विश्वास होता. आता नाही.

माझा मामा हेडी होता, म्हणजे बैल घेऊन विकणं हाच त्याचा धंदा. माझ्या आईचा धाकटा भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले. आईने शेत सांभाळलं आणि मामाने मला बाजारात नेलं. म्हणून 'ह्याला म्या घडवला' असं तो आजही चारचौघांत सांगतो. खोटं आहे. मामाने मला बैलाचे दात पाहायला शिकवलं, एवढंच. बाकी सगळं माझं मी केलं.

हैदराबादला मी कोणाची चिठ्ठी घेऊन गेलो नाही. मोटारीच्या गॅरेजात तेलकट फडकी धुतली, धुता धुता इंजिन समजून घेतलं, आणि बेगमपेठला विमानं शिकवणारा एक क्लब होता तिथे इंजिनं पुसायला लागलो. तिथल्या शिकवणाऱ्या साहेबाकडे एक मोटारसायकल होती. मी त्याला म्हटलं, तुमची गाडी मी चालू ठेवतो, तुम्ही मला विमान शिकवा. तो हसला. दुसऱ्याच दिवशी त्याची मोटारसायकल बंद पडली. हैदराबादेत ती कोणालाच दुरुस्त करता येईना. ती का बंद पडली हे त्याने मला कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. असा मी वैमानिक झालो. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ज्याला विमान उडवता येतं त्याचं गाव कोणतं आणि बाप कोण, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

युद्ध संपल्यावर मी उतारू नेणाऱ्या एका कंपनीत लागलो. मोठ्या विमानात पुढे दोन खुर्च्या असतात. डावीकडची मुख्य वैमानिकाची, उजवीकडची त्याच्या मदतनिसाची. मी उजवीकडे बसायचो. डावीकडची एक खुर्ची रिकामी होणार होती, आणि ती मला द्यायचं कंपनीच्या साहेबाने तोंडी कबूल केलं होतं. ठरलेली डॉक्टरी तपासणी तेवढी पार पडायची होती. तपासणीच्या आधी थोडी सुट्टी होती, म्हणून आईला भेटायला गावी आलो. आमचं गाव बाळापूरपासून बैलगाडीच्या अंतरावर.

आल्या दिवशी जेवताना मामा होताच. आईने पिठलं वाढलं आणि विषय काढला.

"तुमच्या तिथलं एक इमान पडलं म्हणं रे."

"पडलं न्हाई माय. जरा जोरात उतरलं."

"मानूस?"

"मानूस बी जोरात उतरलं. पाय मोडला त्याचा. बसून राहिलाय घरी."

आईने पिठल्याचं भांडं खाली ठेवलं. तिला बरं वाटावं म्हणून मी तपासणीचं सांगायला लागलो. कोणालाही वर जाऊ देत नाहीत, फार कडक काम आहे, असं. डोळ्यांसमोर लाल-हिरवे दिवे धरतात. कानामागे उभं राहून कुजबुजतात. एका पायावर उभं करून डोळे मिटायला लावतात. नळीत फुंकर मारून पारा वर चढवायचा आणि दम संपेपर्यंत तिथंच धरून ठेवायचा.

"दात?" आईने विचारलं.

"दात बी पाहतेत."

"मंग बैलच की रे तू!" मामा ठसकला. "शेपटी पिळून पाहतेत का न्हाई?"

मी चिडलो. मामाने हसलेलं मला लहानपणापासून सहन होत नाही. म्हणालो, "बैलाचं सोपं हाय मामा. लंगडा बैल बी तुमी रेटून इकता. आमचं तसं न्हाई. नुसतं बोट मुरगळलं तरी कळवावं लागतंय. कळवलं की पुन्हा तपासून घेईस्तवर इमानात पाय ठेवायचा न्हाई. आन् न्हाई कळवलं तर परवानाच जातो."

"एका बोटावर?" मामाचा घास हातातच राहिला.

"एका बोटावर."

"कोणत्या?"

"कोणत्या बी!"

"आन् बोट बरं झाल्यावर?"

"झाल्यावर देतेत परत. त्याला काय व्हतंय."

"असं व्हय," मामा म्हणाला आणि आईकडे पाहिलं. आईनेही त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती त्याला आणखी भाकरी वाढू का म्हणून विचारते आहे.

दुसऱ्या दिवशी बाळापूरचा बाजार होता. आईच्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला होता आणि मला तिच्यासाठी दुसरा घ्यायचा होता. मामाच्या दावणीला एक लाल कंधारी गोऱ्हा होता. छाती रुंद, खूर काळे, चालताना जमीन मोजल्यासारखा पाय टाकणारा. मी दुसरीकडे बघत त्याच्याजवळून तीनदा गेलो. मामाने ते ओळखलं.

"या मंडळी," तो शेजारच्या हेड्यांना मोठ्याने म्हणाला, "भाचा बैल पाहून राहिला. आता तो टाकीत पेट्रोल किती बसतंय ते इच्यारील."

सगळे हसले. मी तिथेच बसकण मारली आणि हात पुढे केला. "टाका रुमाल."

मामाने रुमाल टाकला.

पहिल्यांदा त्याने मागितलेला भाव असा होता की माझं बोट आपोआप मागे यायला निघालं. मी ते आवरलं आणि माझा भाव दिला. माझा भावही असा होता की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. मामा उठला नाही. वर त्याने विचारलं, "तिथं वर थंडी लागती व्हय रे?"

"लागती."

"मंग शाल नेत जा." खाली त्याने पेर दाबलं.

"शाल हाय." खाली मी त्याचं बोट झटकलं.

"अक्काला तुजी लई काळजी. झोपत न्हाई ती."

"समजाव तिला." इतका वेळ मी मामाला 'तुमी' म्हणत होतो, पण रुमालाखाली रक्त तापलं की माझा मान-सन्मान राहत नाही.

आणि मग त्याने माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट धरलं. मला वाटलं, भाव सांगतोय. त्याने ते दाबलं, जरा वळवलं, आणि एकदम उलटं मोडलं. भुईमुगाची शेंग फोडावी तसा आवाज झाला. तो मला नीट ऐकू आला. मामा समोर बघत म्हणाला, "यंदा तूर चांगली हाय."

डोळ्यांत पाणी आलं. पण मी हात काढला नाही. हात काढला असता तर सौदा मोडला असता, आणि तो सगळा बाजार त्या क्षणाची वाटच पाहत होता. उरलेल्या बोटांनी मी मामाला धरलं. दुखणं आणि राग दोन्ही त्या बोटांत उतरले होते. मी भाव खाली ओढला, आणखी ओढला, आणि मामा येत गेला. इतका खाली आला की मला वाटलं, घाबरला. शेवटी त्याने मूठ आवळून कबूल केलं. रुमाल उचलला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. तो त्याने मुद्दाम पाडला होता हे मला आज कळतं.

शेजारी बसलेला एक मुसलमान व्यापारी, जो आम्हा दोघांना वर्षानुवर्षं ओळखत होता, हसून म्हणाला, "क्या जी भांजे, मामू को लूट लिए?"

"लूट लिया," मी म्हणालो. बोट तोवर वांग्यासारखं झालं होतं. ते मी कासऱ्याच्या वेढ्यात लपवलं आणि गोऱ्हा घेऊन छाती काढून बाजारातून निघालो. असा बैल, असा भाव! आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा मी मोडक्या बोटाने केला, असं मला गावी पोचेपर्यंत वाटत होतं.

घरी आलो तर आई ओसरीवर बसली होती. तिने गोऱ्ह्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "दाव हात." मी हात दाखवला. तिने बोट ओढून बसवलं, बांबूची कामटी लावली आणि आत जाऊन हळद-चुन्याचा लेप आणला. लेप गरम होता. मी अजून दारात पाऊल ठेवतोय आणि लेप गरम! पण तेव्हा मी बैलाच्या नादात होतो. आई फार हुशार आहे, असं मनाशी म्हणालो आणि भाकरी खाल्ली.

तपासणीचा दिवस आला तेव्हा बोटाची सूज उतरली होती, पण ते वाकत नव्हतं. नियम मला पाठ होता. कळवायचं, थांबायचं, बरं झाल्यावर पुन्हा दाखवायचं. तेवढ्यात डावी खुर्ची दुसरा घेऊन जाणार हेही पाठ होतं. मी कळवलं नाही. लपवलं असं डॉक्टर पुढे म्हणाला. मी म्हणतो, दाखवलं नाही. बाजारात या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

लंगडा बैल कसा उभा करायचा हे मला माहीत होतं. दुखरा पाय चढाच्या बाजूला येईल अशी जागा धरायची. चालवून दाखवायचा तो मऊ मातीत. गिऱ्हाईक वाकून बघायला लागलं की त्याच्या घरची खुशाली विचारायची. नांदेडहून रेल्वेत बसलो तेव्हा बोटाची कामटी काढून खिडकीबाहेर फेकली आणि हैदराबादपर्यंत नुसती मूठ वळायचा सराव केला. अंगठा वरून घेतला की ताठ बोट त्याच्या आड जातं.

डॉक्टर म्हातारा हैदराबादी होता, गालात सदा पान. मी आत जाताच त्याच्या मुलांची चौकशी केली. मुलं सहा निघाली, त्यामुळे डोळे आणि कान गप्पांतच आटोपले. पारा मी असा चढवला की तो म्हणाला, "बस जी, नळी फोड़ते क्या?" एका पायावर मी उभा राहिलो तो बगळ्यासारखा. मूठ वळ म्हणाला, वळली. दाबून दाखव म्हणाला, मी डावा हात पुढे केला आणि त्याची बोटं अशी दाबली की त्याने उजव्याचं विचारलंच नाही.

"कपड़े पहन लो जी," तो म्हणाला आणि खिडकीशी जाऊन पान लावायला लागला. माझी पाठ भिंतीकडे, त्याची पाठ माझ्याकडे. मी डाव्या हाताने बटणं लावत होतो आणि मनात डाव्या खुर्चीत बसलो होतो.

"भई, झेलो!" तो एकदम वळला आणि सुपारीची पितळी डबी त्याने माझ्या अंगावर फेकली.

माणूस विचार करून झेलत नाही. मी उजव्या हाताने झेलली आणि ओरडलो. बाळापूरच्या सगळ्या बाजारासमोर ज्या मी हूं की चूं केलं नव्हतं, तो तिथे लेकरासारखा ओरडलो.

"अब बोलो," डॉक्टर म्हणाला. "ये उंगली क्या बोल रही?"

"कुछ नहीं साब. थोड़ी नाराज़ है."

"बायें हाथ से बटन लगा रहे थे. मेरे को खिड़की के काँच में दिखा."

मग मी सौद्यावर आलो. दुसरं काय करणार? म्हणालो, "साब, बाकी नौ तो बराबर हैं."

"हम दस का सर्टिफिकेट देते मियाँ, नौ का नक्को."

"दसवीं की जमानत मैं देता हूँ."

"और इंजन का दांडा उस उंगली के ज़ोर पर खींचना पड़ा तो? हाथ दर्द से रुक गया, तो पीछे जो लोगां बैठे हैं, उनों जमानत लेके क्या करना?" त्याने माझं बोट हातात घेतलं आणि हळूच वाकवून पाहिलं. एवढ्या हलक्या हाताने की मला मामाची आठवण येऊन आणखी राग आला. "उंगली का कुछ नहीं. अच्छी होती. उसके बाद आओ, पास करता मैं. छुपाए सो अच्छा नहीं किए."

त्याने कागदावर 'तात्पुरता अपात्र' लिहिलं. लपवल्याचं लिहिलं नाही, एवढं मी मान्य करतो. परवाना वाचला. खुर्ची गेली. ती ज्याला मिळाली तो मला विचारल्याशिवाय ढगांकडे बघत नसे.

मी तसाच गावी परतलो आणि सरळ बाजारात मामासमोर उभा राहिलो.

"बोट काहून मोडलं?"

"कोणतं बोट?"

मी ते त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने ते बैलाचं शिंग पाहावं तसं पाहिलं. "वाकडं दिसून राहिलं. इंजिनात आलं व्हय?"

मी ओरडायला लागलो. हेडी जमले. मी म्हटलं, पंच व्हा आणि न्याय करा. ते खुशीने बसले. असा न्याय त्यांना रोज कुठे मिळतो! सगळ्यात म्हाताऱ्या हेड्याने विचारलं, "हात आधी कोणी काढला?"

"कोणीच न्हाई."

"सौदा झाला?"

"झाला."

"बैल लंगडा निघाला?"

"न्हाई! बैल एक नंबर हाय. बैलाचं बोलतच न्हाई मी!"

"मंग तक्रार काय हाय बाबा?"

"बोटाची!"

"बोट रुमालाखाली व्हतं का बाहेर?"

मी बोट खिशात घातलं. पंच उठले. "सौदा बराबर हाय," म्हातारा म्हणाला आणि जाता जाता मला म्हणाला, "त्या भावात बैल भेटत आसंल तर माजं बी एक बोट मोड म्हणावं तुज्या मामाला."

सगळे पांगल्यावर मामा जवळ आला. खाली बघत म्हणाला, "भाच्या, तू एवढा हुशार. तसला गोऱ्हा त्या भावात म्या काहून देईन, हे तुज्या मनात आलं न्हाई?"

"तुमी घाबरलात, वाटलं."

"तुला? तू लंगोट नेसत न्हवतास तवापासून वळखतो तुला. तुज्या मायला इच्यार जाऊन."

आई गोठ्यात त्याच गोऱ्ह्याला कडबा टाकत होती. मी विचारलं. तिने कडब्याची पेंडी हातातून खाली ठेवली नाही.

"म्या त्याला म्हनलं व्हतं, पोराला थांबव. बोट मोड असं न्हाई म्हनलं."

"मंग बोटाचं कोणी काढलं?"

"तूच सांगितलंस की जेवताना. नुसतं बोट बी चालतंय म्हणून. म्या म्हनलं, पाय मोडून बसण्यापरीस बरं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू इमानात बसाय लागलास तवाधरनं वर कसला बी आवाज आला की मी भाईर जात न्हाई रे. घरात बसून राहते. काय पडलं ते कोणी येऊन सांगू ने म्हणून."

मी गोऱ्ह्याला पाणी पाजलं.

बोट बरं झालं. म्हातारा डॉक्टर शब्दाला जागला आणि मी पुन्हा उजव्या खुर्चीत बसलो. दुसरी डावी खुर्ची रिकामी होईपर्यंत अठ्ठेचाळीस साल आलं. हैदराबादच्या रियासतीभोवती नाकेबंदी झाली, विमानं जमिनीवर उभी राहिली. सगळं पुन्हा चालू झालं तेव्हा साहेब बदललेले होते, आणि जुन्या साहेबाची तोंडी कबुली नव्याने मानली नाही. मी त्याच्याशी भांडलो. माझ्या भांडणाचा आवाज धावपट्टीवर ऐकू गेला म्हणतात. मग नोकरी सोडली आणि हिंगोलीत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. दुकान चांगलं चालतं. माझ्याकडून कोणी स्वस्तात काही नेत नाही.

पण डाव्या खुर्चीतून जमीन कशी दिसते हे मला माहीत नाही, आणि आता कळायचंही नाही. मामाला विचारलं की तो म्हणतो, अक्कानं सांगितलं. आईला विचारलं की ती म्हणते, त्याला बोट मोड कोणी म्हटलं होतं? इतकी वर्षं दोघं मला एकमेकांच्या दारात पाठवत आहेत आणि जाताना हातावर गूळ-शेंगदाणे ठेवत आहेत. हे चालणार नाही. मामा, माय, तुम्ही दोघंही अजून धडधाकट आहात, दोघांनाही ऐकू येतं. मी त्या खुर्चीत बसायचं नाही असं मला न विचारता ठरवणारे तुम्ही कोण? मामा, तुम्ही सांगा, नाहीतर माय, तू सांग. पण एकाने समोर बसून सांगा. मला उत्तर पाहिजे.